चालीआधीची चाल

भाताची झोडणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांतील रात्रींचे रूप पालटते. ज्या खाचरांत महिन्यापूर्वी भात उभे होते, तेथे धसकटे खणून, माती भिजवून, चोपून कबड्डीचे मैदान तयार होते. चुन्याच्या रेषा आखल्या जातात, बांबूंवर दिवे चढतात आणि ध्वनिक्षेपकावरील समालोचकाचा आवाज थंड हवेतून शेजारच्या दोन गावांपर्यंत पोहोचतो. या सामन्यांशी आपल्या व्यापारी कुटुंबांचा संबंध जुना आहे, परंतु तो बहुधा एकाच प्रकारचा आहे. चषक आपल्या दुकानाचा असतो, पाहुण्यांच्या खुर्चीत आपण असतो, पावती फाडायला मंडळाची मुले आपल्याच पेढीवर येतात. मैदानात मात्र आपली मुले क्वचितच दिसतात.

डिसेंबर महिन्यात अशाच एका गावी बक्षीस देण्यासाठी मला बोलावणे आले होते. कुमार गटाचा उपांत्य सामना सुरू होता. मी शाल पांघरून बसलो होतो आणि माझे अर्धे लक्ष घड्याळाकडे होते. एवढ्यात समालोचकाने एका चढाईपटूचे नाव उच्चारले आणि मी दचकलो. आमच्याच पेठेतील, दुकानाला दुकान लागून असलेल्या धान्याच्या व्यापाऱ्याचा तो मुलगा! यंदा दहावीत आहे. गुडघ्याला पट्टा, अंगावर संघाचा पिवळा बनियन, कपाळाला माती. मी त्याला गल्ल्यामागे हिशेब लिहिताना पाहिले होते. या वेषात कधीच नाही.

सामना संपायला चार-पाच मिनिटे उरली होती आणि त्याचा संघ दोन गुणांनी मागे होता. तो चढाईला गेला. निदान रेषा ओलांडली, उजवीकडे सरकला, हात फिरवला, कोणालाही न शिवता परत आला. चढाई रिकामी. प्रतिपक्षाचा खेळाडू आला, तोही रिकामाच परतला. हा पुन्हा गेला; पुन्हा उजवीकडेच सरकला, क्षणभर थांबला, पुन्हा रिकाम्या हाताने मध्यरेषेवर आला. प्रेक्षक चिडले. "अरे, हात लाव ना!" असा ओरडा झाला. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "पोरगा घाबरला." मलाही तसेच वाटले.

दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण मिळवावाच लागतो. न मिळवल्यास चढाईपटू बाद होतो. हा नियम आता गावोगावच्या सामन्यांतही लावतात. तिसऱ्या चढाईला तो तिसऱ्यांदा उजवीकडे निघाला आणि पहिल्याच पावलावर उलटा फिरला. प्रतिपक्षाच्या डाव्या मध्यरक्षकाने कोपऱ्यातील साथीदाराचा हात सोडून नुकतेच दोन पावले पुढे टाकली होती. मुलाने त्याच्या खांद्याला स्पर्श केला, मोकळ्या पडलेल्या कोपरारक्षकाच्या हाताला बोटे लावली आणि मध्यरेषेवर उडी घेतली. एका चढाईत दोन गुण. सामना पुढे त्याचा संघ एका गुणाने हरला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. बक्षीस समारंभानंतर तो माझ्या पाया पडायला आला, तेव्हा मी विचारले, "पहिल्या दोन वेळा घाबरला होतास का?"

तो हसला. "नाही आजोबा, पहिल्या दोनदा मी नुसता बघत होतो. मी उजवीकडे वळलो, की त्यांचा डावा मधला कोपऱ्याचा हात सोडतो. एकदा सोडला तर चुकून असेल. दोनदा सोडला म्हणजे सवय आहे."

एवढे बोलून तो गंभीर झाला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, घरी सांगू नका. पप्पांना मी शिकवणीला आहे असंच माहीत आहे."

मी काहीच उत्तर दिले नाही. परतीच्या वाटेवर मात्र त्याची दोन्ही वाक्ये माझ्या मनात सोबत चालत राहिली, आणि त्यांतील पहिल्या वाक्याने मला फार दूरच्या एका हिवाळ्यात नेले.

२०२३ सालच्या फेब्रुवारीत मी अमेरिकेत, न्यू जर्सीमध्ये मुलीकडे होतो. १२ तारखेच्या रविवारी संध्याकाळी जावयांच्या घरी मित्रमंडळी जमली होती. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचा वर्षातील अंतिम सामना, ज्याला ते 'सुपर बोल' म्हणतात, तो त्या दिवशी अॅरिझोना राज्यात होता. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट उजाडत होती. या खेळाला फुटबॉल म्हणत असले तरी चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. शिरस्त्राणे घातलेले धिप्पाड गडी एकमेकांवर आदळतात, चार-पाच सेकंदांत सारे थांबते आणि पुन्हा रांगा लागतात. मला त्यात काही राम दिसेना. माझा दहा वर्षांचा नातू शेजारी बसला होता. तो म्हणाला, "नाना, तुम्ही बॉलकडे बघू नका. बॉल निघायच्या आधी कोण चालतो ते बघा."

त्याने मला जे समजावले ते येथे थोडक्यात सांगतो. मैदान शंभर यार्डांचे असते. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. साधले तर आणखी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाआधी दोन्ही संघ समोरासमोर रचना करून उभे राहतात. मधला खेळाडू आपल्या दोन पायांमधून चेंडू मागे देतो. त्या क्षणाला 'स्नॅप' म्हणतात. खेळ तेथून सुरू होतो. या क्षणापूर्वी चढाई करणाऱ्या संघातील एक गडी रांगेच्या मागून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालू किंवा धावू लागतो. चेंडू त्याला मिळणार असतोच असे नाही. बहुतेकदा मिळतच नाही. या हालचालीला ते 'मोशन' म्हणतात.

मग तो चालतो कशासाठी? बचाव करणाऱ्यांचे दोन ढोबळ मार्ग असतात. एका पद्धतीत प्रत्येक बचावपटूला एकेक माणूस वाटून दिलेला असतो; तो जाईल तिकडे त्याच्या मागे जायचे. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकाला मैदानाचा एकेक भाग वाटून दिलेला असतो. त्या भागात जो येईल त्याला अडवायचे. कोणती पद्धत योजली आहे हे बचाव करणारे अर्थातच उघड करीत नाहीत. परंतु समोरचा एक गडी या टोकाकडून त्या टोकाकडे निघाला, की त्यांना काहीतरी करावेच लागते. एखादा बचावपटू त्याच्या मागे धावत आला, तर माणूस वाटून दिला आहे असा कयास बांधता येतो. कोणीच मागे आला नाही, सारे फक्त एकेक पाऊल सरकले, तर भाग वाटून दिलेले असावेत. चेंडू हलण्याआधीच एका प्रश्नाचे उत्तर मिळालेले असते. अर्थात हुशार बचावपटू खोटे उत्तरही देतात. तेव्हा एका उत्तरावर विसंबणारा संघ फसतो.

त्या सामन्यात कॅन्सस सिटीच्या संघाने हे अस्त्र फार सफाईने वापरले. फिलाडेल्फियाच्या संघाचे बचावपटू, समोरचा गडी आतल्या बाजूला चालू लागला, की तो रांग ओलांडून पलीकडे जाणार असे गृहीत धरून आपसांत जबाबदारी बदलत असत. शेवटच्या पंधरा मिनिटांच्या सत्रात गोलरेषेजवळ कॅन्सस सिटीचा एक खेळाडू, कडेरियस टोनी, आत चालू लागला. बचाव करणाऱ्यांनी जबाबदारी बदलली. आणि चेंडू निघण्याच्या क्षणी तो उलटा फिरून बाहेर धावला. त्याच्याजवळ कोणीही नव्हते. थोड्याच वेळाने दुसऱ्या बाजूला स्काय मूर या खेळाडूने नेमके तेच केले आणि तोही मोकळाच सापडला. सामना ३८-३५ असा सुटला. फरक तीनच गुणांचा होता, आणि ते दोन्ही प्रसंग मिळून बारा गुणांचे होते. पुढच्या वर्षीच्या सुपर बोलमध्येही, फेब्रुवारी २०२४ मध्ये, याच संघाने जादा वेळेत विजयाचे गुण अशाच आत जाऊन बाहेर फिरणाऱ्या हालचालीतून मिळवले.

हे तंत्र नवीन नाही. १९२० च्या दशकात नोटर डेम विद्यापीठाचे प्रशिक्षक नूट रॉकनी यांचा संघ चेंडू हलण्यापूर्वी एकदम साऱ्या रचनेची जागा बदलत असे, आणि प्रतिपक्षाला सावरायला अवधीच मिळत नसे. म्हणून अशा बदलानंतर सर्वांनी पूर्ण एक सेकंद स्तब्ध उभे राहिले पाहिजे, असा नियम करावा लागला. अलीकडच्या काळात सॅन फ्रान्सिस्को संघाचे काईल शॅनहन आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले माइक मॅकडॅनियल यांनी या हालचालीला खेळाच्या केंद्रस्थानी आणले. मॅकडॅनियल मायामीचे प्रशिक्षक असताना, २०२३ च्या मोसमात, त्यांच्या संघाने एका सामन्यात ७० गुण केले. त्याच वर्षी त्यांचा टायरीक हिल हा वेगवान खेळाडू १,७९९ यार्डांसह चेंडू झेलणाऱ्यांत सर्वांच्या पुढे होता. चेंडू निघण्याच्या बेताला तो बाहेरच्या बाजूला छोटी धाव सुरू करी. त्यामुळे इतर जण जागेवरून निघत, तेव्हा हा आधीच वेगात असे.

न्यू जर्सीच्या त्या दिवाणखान्यात हे सारे ऐकताना मला मुरबाडची माती आठवत होती. आपल्या कुस्तीत दोन मल्ल सलामी देतात आणि लगेच एकमेकांना भिडत नाहीत. ते हात पुढे करतात, मनगट झटकतात, मानेवर पंजा ठेवून काढून घेतात, एक पाय पुढे टाकून मागे नेतात. याला आपण खडाखडी म्हणतो. अजाण प्रेक्षक खडाखडीला कंटाळतो. जाणता वस्ताद तेव्हाच सर्वांत बारकाईने पाहत असतो, कारण समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे, तो दाबल्यावर पुढे येतो की मागे हटतो, हे सारे तेथेच कळते. डाव त्यानंतर पडतो. डावाची निवड त्यापूर्वी झालेली असते.

कबड्डीतील हूल हे तर याच विद्येचे अधिक चपळ रूप. सात बचावपटू अर्ध्या मैदानात उभे असतात. पुरुषांच्या मैदानाची लांबी तेरा मीटर, रुंदी दहा मीटर. म्हणजे चढाईपटूला साडेसहा मीटरांच्या आत सात जणांना सामोरे जायचे असते, तेही तीस सेकंदांत आणि एका दमात. निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरांवर असते. ती तरी ओलांडावीच लागते. तिच्यापुढे आणखी एक मीटरवर बोनस रेषा. बचावपटू हात धरून साखळी करतात. चढाईपटू एका बाजूला झुकला, की साखळी वाकते, आणि वाकताना तिचा कोणता दुवा आधी हलतो हे दिसून येते. कोपऱ्यातला खेळाडू घोट्यावर झेप घेण्यासाठी खाली वाकला आहे का? मध्यरक्षक अंगावर येण्याच्या तयारीत आहे का? चढाईपटूचे पाऊल हा प्रश्न असतो आणि साखळीची हालचाल हे त्याचे उत्तर. बचावपटूही भोळे नसतात. कसलेला कोपरारक्षक मुद्दाम अर्धे पाऊल पुढे टाकून मागे घेतो, चढाईपटूला वाटते की जागा मोकळी आहे, आणि तो आत शिरताच पाय धरला जातो. प्रश्न दोन्हीकडून विचारले जातात.

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ जगाला दाखवला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकाचा मान मिळाला. त्याआधीची कित्येक दशके बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी त्यासाठी वेचली, आणि म्हणूनच महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटण प्रो कबड्डीचे विजेते झाले, तेव्हा आमच्या पेठेतही फटाके वाजले. ज्या खेळाला आपण 'मातीतला' म्हणून बाजूला ठेवतो, त्यात विचाराचा एवढा साठा आहे हे मला सातासमुद्रापार एका दहा वर्षांच्या मुलाने नकळत शिकवले.

आता व्यापाराकडे वळतो, कारण हे सदर वाचणारे बहुतेक जण दुकानात बसणारे आहेत.

माझ्या लहानपणी वडील मला पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेला नेत. तेथील गुरांच्या बाजारात दोन माणसे एका रुमालाखाली हात घालून उभी असत. बोटे धरून भाव सांगितला जाई, बोटे दाबून नाकारला जाई. तोंडाने काही निराळेच चाललेले असे. पाऊसपाणी, मुलांची लग्ने, देवाची पालखी. मी विचारले, "बाबा, हे काय करतात?" ते म्हणाले, "एकमेकांना ओळखतात." प्रत्येक व्यापारी रोज हेच करतो. गिऱ्हाईक दुकानात शिरते, एका मालाला हात लावते, दुसऱ्याचा भाव विचारते, तिसरा घेते. जाणता दुकानदार पहिल्या हाताकडे लक्ष ठेवतो. आपणही एखादा नमुना पुढे करतो, तो परत घेतो, आणि गिऱ्हाइकाची नजर कोठे थांबते ते पाहतो. यात गैर काही नाही. हे विचारणे आहे.

परंतु विचारणे आणि फसवणे यांच्यामध्ये एक रेषा आहे, आणि ती मी एकदा ओलांडली. ही गोष्ट मी आजवर या सदरात लिहिली नव्हती. साधारण तीस वर्षांपूर्वी टोकावड्याच्या पलीकडचा एक शेतकरी दरवर्षी आमच्याकडे भात घालीत असे. त्या वर्षी माल चांगला होता, भावही चढत होता, हे मला ठाऊक होते. तो दुकानी यायच्या आदल्या दिवशी मी ओळखीच्या एका माणसाला त्याच्या खळ्यावर पाठवले. त्याने स्वतःला कल्याणचा व्यापारी म्हणवले आणि मुद्दाम पडता भाव सांगितला. दुसऱ्या दिवशी शेतकरी माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. मी त्या पडत्या भावापेक्षा थोडा अधिक भाव दिला. त्याने माझे आभार मानले. त्या आभारांनी मला त्या वेळी आनंद झाला, हे सांगताना आज लाज वाटते.

पुढच्या हंगामात त्याची गाडी आमच्या दुकानावरून गेली. थांबली नाही. त्याच्या गावातल्या आणखी चार-पाच गाड्याही थांबल्या नाहीत. त्याला कसे कळले ते मी कधी विचारले नाही. लहान तालुक्यात सारे कळते. पुढे अकरा वर्षे त्या गावातला दाणाही माझ्या काट्यावर आला नाही. पैशांचे नुकसान मी मोजू शकलो असतो. परंतु बाजाराच्या दिवशी तो मला समोरून येताना पाहून रस्ता बदलत असे, त्याचे मोजमाप कोणत्या वहीत करायचे?

अमेरिकेतील त्या खेळाच्या नियमांत मला माझ्या अपराधाचे नाव सापडले. चेंडू निघण्यापूर्वी एका गड्याने चालायला मुभा आहे. मात्र चेंडू निघताना त्याने आडवे किंवा मागे जायचे, प्रतिपक्षाच्या दिशेने पुढे सरकायचे नाही. एका वेळी एकच गडी. दोघे हलले तर सर्वांनी एक सेकंद स्तब्ध राहायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चेंडू निघाल्याचा खोटा आभास निर्माण करील अशी झटक्याची हालचाल कोणीही करायची नाही. केली तर पाच यार्डांचा दंड. म्हणजे ज्या खेळात हुलकावणीलाच एवढी प्रतिष्ठा आहे, तेथेही चालणे निराळे आणि खोटी सुरुवात निराळी. कबड्डीतही तसेच. हूल कितीही द्या, परंतु दम सोडला आणि सोडला नाही असे भासवले, तर पंच बाद देतात. समोरच्याला ठाऊक असलेल्या नियमांच्या आत तुम्ही हवे तसे फिरा. ज्या नियमावर विसंबून तो उभा आहे तोच नियम मोडू नका. खेळात समोरचा हूल येणार हे जाणूनच मैदानात उतरलेला असतो. माझ्या शेतकऱ्याने असा कोणताही सामना स्वीकारलेला नव्हता. तो माझ्या शब्दावर विसंबून आला होता. आपल्या घरांत अशा वागण्याला माया म्हणतात, आणि तो शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आता त्या मुलाच्या दुसऱ्या वाक्याकडे येतो.

सामन्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचे वडील माझ्या दुकानी आले. त्यांना बातमी कोणीतरी आधीच पोहोचवली होती. ते उभेच राहिले. "काका, तुम्ही तेथे होता. मला का नाही सांगितलंत?"

मी म्हटले, "बस. चहा घे. सांगणार होतो; पण मुलाने आधी सांगावे, म्हणून दोन दिवस थांबलो होतो. थांबलो ही माझी चूक असेल तर कबूल करतो."

ते बसले. बराच वेळ बोलले. दहावीचे वर्ष, मार्चमधील परीक्षा, एकुलता एक मुलगा, हातपाय मोडला तर काय, पुढे दुकान कोण पाहणार. शेवटी म्हणाले, "खेळ बंदच करतो. बूट जाळून टाकतो."

मी विचारले, "तुला राग कशाचा आला? खेळल्याचा, की शिकवणीचे खोटे सांगितल्याचा?"

ते गप्प झाले. मग म्हणाले, "काका, मी त्याला कधी नाही म्हटलंच नव्हतं. त्याने विचारलंच नाही."

या वाक्यात सारे आले होते. मैदानावर जो मुलगा दोन चढाया खर्च करून सात परक्या मुलांच्या सवयी वाचतो, त्याने घरी आपल्या वडिलांच्या मनाची एकदाही चाचणी घेतली नव्हती. त्यांचे उत्तर नकाराचेच असणार हे त्याने स्वतःच ठरवले आणि सरळ खोटी सुरुवात केली. आणि वडिलांनीही, मुलगा आठवड्यातून तीन दिवस गुडघे खरचटून घरी येतो हे दिसत असताना, एक साधा प्रश्न विचारला नव्हता. दोघेही आपापल्या जागी स्तब्ध उभे होते आणि समोरच्याच्या मनात काय आहे हे कळल्याचा दोघांचाही समज होता.

संध्याकाळी मी मुलाला बोलावले. त्याच्या खेळाचे मनापासून कौतुक केले. मग टोकावड्याच्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून तो खाली मान घालून बसला. मी म्हटले, "हूल द्यायची ती मैदानावर. तुझ्या पप्पांनी तुझ्याशी सामना लावलेला नाही. त्यांच्याशी खोटे बोललास, तर पुढे तू खरोखर शिकवणीला गेलास तरी ते घड्याळ पाहत बसतील. माझ्या दुकानासमोरून अकरा वर्षे गाड्या थांबल्या नाहीत. घरात असे एक वर्षही परवडत नाही."

त्याने विचारले, "आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर तुला उत्तर कळेल. आज तुला तेही ठाऊक नाही."

त्या रात्री त्या घरात काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि ते विचारण्याचा मला अधिकारही नाही. एवढे मात्र कळले, की बूट जाळले गेले नाहीत. आठवड्यातून दोन दिवस सराव, शिकवणी एकही चुकवायची नाही आणि फेब्रुवारीपासून परीक्षा संपेपर्यंत एकही सामना नाही, असा ठराव झाला. मुलाने तो आपल्या अक्षरात लिहून वडिलांच्या गल्ल्यात ठेवला आहे असे त्याची आई सांगत होती.

जानेवारीत शहापूर तालुक्यात किन्हवलीकडे एक स्पर्धा होती; त्याचा परीक्षेआधीचा शेवटचा सामना. मी सरळगावमार्गे गेलो. पाहुण्यांच्या खुर्च्यांत माझ्या शेजारी जागा रिकामी होती. मला वाटले होते त्याचे वडील येतील, पण ते दिसले नाहीत. मध्यंतरात मी पाय मोकळे करायला उठलो, तेव्हा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, मोटारसायकलींच्या रांगेमागे ते उभे दिसले. अंगावर दुकानातलाच सदरा होता. मी हात केला. त्यांनी बोट ओठांवर ठेवून मला गप्प राहण्याची खूण केली. मुलाचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून.

उत्तरार्धात मुलगा चढाईला गेला, निदान रेषा ओलांडली, डावीकडे झुकला आणि कोणालाही न शिवता परत आला. प्रेक्षकांत पुन्हा ओरडा झाला, "हात लाव, हात लाव!" मोटारसायकलींच्या मागून एकच आवाज वेगळा आला. धान्याच्या बाजारात लिलावाच्या वेळी ऐकू येतो तसा तो खणखणीत आवाज होता. "थांबा हो! पोरगा बघतोय!"

मुलाने वळून पाहिले. त्या एका क्षणासाठी त्याचे लक्ष नक्कीच विचलित झाले. पुढच्या चढाईत त्याची पकड झाली. सामन्यानंतर बापलेक एकाच मोटारसायकलवर बसून मुरबाडच्या रस्त्याला लागलेले मी पाहिले. मुलगा मागे बसून हातवारे करीत काहीतरी समजावत होता आणि वडील मान किंचित मागे वळवून ऐकत होते.

वाचकहो, आपल्या घरांतही अशी मुले असतील. कोणी कबड्डी खेळत असेल, कोणी चित्रे काढत असेल, कोणाला दुकानाऐवजी दुसरेच काही करायचे असेल. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. आपणच एक पाऊल आधी टाकून पाहा, आणि ते कोणीकडे हलतात ते शांतपणे बघा.